वऱ्हाडी मटणाला स्पॅनिश लाल

वाइन पिणाऱ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. प्या बापडे. मला चीड येते ती वाइनवर बोलणाऱ्यांची. आणि असला एक नग माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसलेला असतो, आता बोला.

आमचे हे, डॉक्टर मोहन, एकतीस वर्षं ग्लासगोतल्या लोकांची हाडं जोडत होते. तेव्हा बरे होते. घरी यायचे, जेवायचे, पेपर तोंडावर घेऊन झोपायचे. चार वर्षांपूर्वी रिटायर झाले आणि पहिले सहा महिने सकाळी सातला शर्ट-पँट घालून हॉलमध्ये नुसते बसून राहायचे. कुठं जायचं नाही, कुणाचा फोन नाही. मला ते बघवेना. म्हणून मीच म्हटलं, काहीतरी कोर्स तरी करा. मला वाटलं स्पॅनिश शिकतील, नाहीतर सुतारकाम. यांनी वाइनचा कोर्स केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेव्हापासून घरात एक नवीन भाषा आली. ग्लास तिरका धरायचा, आत नाक खुपसायचं, डोळे मिटायचे आणि अंगात आल्यासारखं बोलायचं. ओल्या मातीचा वास. चामड्याचा वास. सिगारच्या डब्याचा वास. अहो, चामड्याचा वास येत असेल तर ते पिता कशाला? चप्पल चघळा ना. हे मी त्यांना तोंडावर म्हणत असे, आणि ते हसून म्हणत, "अनुराधा, तुला नाही कळायचं." मला नाही कळायचं! ज्या बाईला उंबरठ्यावरून समजतं की शेजारणीची फोडणी जळली, तिला म्हणे वास कळत नाहीत.

तर या नादातून मोराग नावाची बाई आमच्या आयुष्यात आली. ग्लासगोत तिची वाइनची तीन दुकानं आहेत. पंचावन्नची असेल, केस पांढरे, बोलणं सरळ. यांच्या कोर्समधल्या कुणीतरी ओळख करून दिली. तिला असा माणूस हवा होता जो भारतीय जेवणाबरोबर कुठली वाइन जाते ते सांगेल. प्रत्येक बाटलीखाली एक कार्ड लागणार, कार्डावर यांचं नाव, आणि महिन्यातून एका संध्याकाळी दुकानात यांनी वीस-पंचवीस गिऱ्हाइकांना चव घ्यायला शिकवायचं. हे ऐकलं त्या दिवशी हे जिना चढताना शीळ घालत होते. किती वर्षांनी, मला आठवत नाही. मी मनात म्हटलं, होऊ दे बाई हे काम. माणूस निदान घरातून बाहेर तरी पडेल.

मोरागनं पहिली परीक्षा म्हणून एक बाटली पाठवली. स्पेनमधली लाल, मोनास्ट्रेल, गार्नाचा आणि सिराह अशा तीन द्राक्षांची मिसळ. लेबलवर एक गाढव. साडेचौदा टक्के दारू. यांनी ती उजेडात धरली आणि म्हणाले, "बोल्ड आहे." मी म्हटलं, गाढव आहे, बोल्ड असणारच. त्याबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं की ही वाइन भाजलेलं लॅम्ब, सॉसेज आणि जुन्या चीजबरोबर प्यावी. हे म्हणाले, "कशाला लॅम्ब? आपलं वऱ्हाडी मटण. काळा मसाला. या वाइनला तेच हवंय." आणि रविवारी दुपारी मोरागला जेवायला बोलावून मोकळे. साक्षीला जयंत आणि मनीषा.

जयंत म्हणजे यांचा तीस वर्षांपासूनचा मित्र, कान-नाक-घशाचा डॉक्टर. मनीषा त्याची बायको, इथल्या महाराष्ट्र मंडळाची सेक्रेटरी. तिच्या कानात काही पडलं की स्कॉटलंडभर झालं म्हणून समजा. मंडळाच्या गणपतीच्या जेवणाचा स्वयंपाक गेली बावीस वर्षं माझ्याकडे आहे आणि तो तिला हवाय, हे तिला माहीत, मला माहीत, गणपतीलाही माहीत असेल.

आता एक गोष्ट सांगायला हवी. मी मटण करते, खात नाही. माझं माहेर पुण्याचं, चातुर्मासात घरात कांदा येत नसे. सासर यवतमाळचं, तिथं मटणाशिवाय रविवार उजाडत नसे. लग्नानंतर सासूबाईंनी मला मटण शिकवलं. मी पदर नाकाला लावून शिकले आणि आजतागायत तशीच करते. एक्झॉस्ट फुल, खिडकी उघडी, नाक बंद. चव बघायची यांनी. मी पातेल्यात डोकावतसुद्धा नाही. चौतीस वर्षं हे असंच चालत आलंय, आणि माझ्या मटणाला कुणी नाव ठेवलेलं नाही.

आठवडाभर यांनी माझं डोकं खाल्लं. "तिखट निम्मं कर. वाइन तापट आहे, त्यात मिरची जास्त झाली तर नुसता जाळ होईल." "चरबी ठेव, चरबीनं वाइनचा तुरटपणा उतरतो." "ठेचा टेबलावर आणू नकोस." ज्या माणसानं उभ्या जन्मात कुकरची शिट्टी मोजली नाही तो मला मटण शिकवत होता. मी म्हटलं, त्या गाढवालाच बोलवा ना स्वयंपाकाला. पण तिखट निम्मं केलं. एवढ्या उत्साहानं सांगत होते.

रविवारी मदतीला वरदा आली. आमची मुलगी, एडिनबराला कौन्सिलमध्ये नोकरी करते, जन्म इथलाच. मराठी बोलते, पण तिच्या मराठीत सगळ्या वस्तूंचं लिंग त्या दिवशीच्या हवेवर ठरतं. बारा वाजता मटण होत आलं होतं. सासूबाईंची पद्धत अशी की गॅस बंद करायच्या आधी वरून दोन चमचे काळा मसाला भुरभुरायचा आणि झाकण घट्ट बसवायचं. मला साडी बदलायची होती. मी जिन्यावरून ओरडून सांगितलं, "वरच्या फळीवरच्या कॉफीच्या बरणीतला मसाला दोन चमचे घाल, झाकण लाव, आणि बाबांना चव बघायला दे."

"ओके मम्मी," ती म्हणाली. "घातली."

खाली आले तर हे वाटी घेऊन उभे. विचारलं, "बघितलीत चव?"

"वा," हे म्हणाले. "मीठ, तिखट, सगळं अगदी बरोबर."

झालं. माझा जीव भांड्यात पडला. एक्झॉस्ट घरघरत होता, झाकण घट्ट होतं, आणि मी नेहमीप्रमाणे पातेल्यापासून चार हात लांब होते.

एक वाजता सगळे टेबलाशी बसले. यांनी बाटली उघडली, ग्लास भरले आणि भाषण सुरू केलं. काळे प्लम, ज्येष्ठमध, धूर, उन्हात तापलेला दगड. मोराग मान हलवत होती. जयंत माझ्याकडे बघून भुवया उडवत होता. मनीषा ग्लास असा धरून बसली होती की जणू त्यात लघवीची तपासणी करायचीय. मी माझ्या पानात भरली वांगी घेतली आणि वाट बघत राहिले, केव्हा एकदा हे संपतंय.

मग यांनी थाटात पातेल्याचं झाकण काढलं.

आणि माझ्या डायनिंग रूममध्ये दिवाळी आली. नागरमोथा, वाळा, चंदन, वाळलेल्या गुलाबाच्या पाकळ्या, संत्र्याची साल. नरकचतुर्दशीच्या पहाटे मोरीत येतो तो वास, मटणाच्या वाफेवर बसून आला.

उटणं. माझ्या बहिणीनं पुण्याहून घरी करून पाठवलेलं उटणं, तपकिरी, बारीक दळलेलं, कॉफीच्या रिकाम्या बरणीत. नणंदेनं यवतमाळहून पाठवलेला काळा मसाला, तपकिरी, बारीक दळलेला, कॉफीच्या रिकाम्या बरणीत. एकाच फळीवर, शेजारी शेजारी. बरण्यांवर चिठ्ठ्या लावायची पद्धत आमच्याकडे नाही. जिला स्वतःच्या स्वयंपाकघरात चिठ्ठ्या लागतात तिनं खुशाल बाहेर जेवावं, असं मी मनीषाला एकदा सुनावलंही होतं.

मनीषाला कळलं होतं. तिचे डोळे लकाकले. जयंतलाही कळलं, त्यानं ओठ आत ओढून धरले. वरदा खालमानेनं काकडी चिरत बसली, तिला काही कळलं नव्हतं. मी थांबवायला तोंड उघडलं, तोवर यांनी भराभर सगळ्यांच्या वाट्या भरल्या होत्या. मोरागनं तर एक घास घेऊनही टाकला होता आणि वर वाइनचा घोटही.

"गुलाब," ती डोळे मिटून म्हणाली. "चंदन. संत्र्याची साल. माय गॉड, मोहन, मी आजवर असलं काही खाल्लं नाही. वाइनमधलं फळ यानं केवढं वर येतंय." आणि पर्समधून वही काढून लिहायला लागली.

एरवी मी हसून हसून लोळले असते. ही यांची विद्या! अंगाला लावायची पावडर मटणात पडली तरी वहीत टिपून घेतात. पण मी हसले नाही, कारण माझं लक्ष यांच्याकडे गेलं. हे निवांत जेवत होते. दुसरा घास, तिसरा घास. भाकरीनं रस्सा पुसून घेत होते. ज्या माणसाला दर दिवाळीला मी उटणं लावलंय, तो त्याच उटण्याचा रस्सा भुरकत होता आणि कपाळावर आठीसुद्धा नव्हती.

जयंत मस्करीच्या तारेत होता. तो म्हणाला, "मोहन, अरे एक्स्पर्ट तू. मोराग सांगतेय ते राहू दे. तुझं नाक काय म्हणतंय?"

सगळे यांच्याकडे बघायला लागले. मोरागचं पेन वहीवर थांबलं. हे ताटावर वाकले, डोळे मिटले, लांब श्वास घेतला.

"धूर," हे म्हणाले. "भाजलेलं खोबरं. दगडफूल. आणि शेवटी काळी मिरी."

जयंतचं हसू हळूहळू गेलं आणि तो यांच्याकडे बघायला लागला, पेशंटकडे बघतात तसा.

"गुलाब नाही?" मोरागनं विचारलं.

यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. चौतीस वर्षांत हा माणूस माझ्यावर चिडलाय, रुसलाय, पण असं कधी बघितलं नव्हतं. आणि माझ्या डोक्यात एकदम सगळं जुळलं. मीठ, तिखट, सगळं बरोबर. गेली दोन वर्षं हे जेवणाबद्दल एवढंच बोलतात. मीठ बरोबर, तिखट बरोबर, छान झालंय. पूर्वी म्हणायचे, आज हिंग जास्त पडला. तूप कढवताना जरा लागलं वाटतं. पूर्वी माझ्याशी त्यावरून भांडायचे.

या माणसाला वासच येत नव्हता. घरात नाक-कान-घशाचा डॉक्टर येऊन जाऊन होता आणि यांनी त्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. आणि आता त्याच डॉक्टरसमोर, त्या वहीवाल्या बाईसमोर, उघडे पडले होते.

मग माझ्या तोंडून निघून गेलं.

"ते खोटं बोलताहेत," मी मोरागला म्हणाले. इंग्रजीत म्हणाले, म्हणजे सगळ्यांना नीट कळावं. "चूक माझी आहे. हे आंघोळीचं उटणं आहे. दिवाळीला आम्ही अंगाला लावतो. मी बरणी चुकले. यांना मघाशी स्वयंपाकघरातच कळलं होतं, पण तुमच्यासमोर माझं हसं होईल म्हणून गप्प बसले. आता मसाल्याचे वास मोजून दाखवताहेत, माझी लाज झाकायला."

वरदानं मान वर केली. "मम्मी, पण ती मसाला तर मी..." मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला.

मनीषा हसायला लागली. आधी तोंडावर रुमाल धरून, मग तो बाजूला ठेवून. "अनुराधा, मटणाला अभ्यंगस्नान," ती म्हणाली. "एवढं मंडळात सांगू दे हं मला." सांग बाई. तुझ्या जिभेला हाड आहे कुठे. यंदाचा गणपतीचा स्वयंपाक कुणाकडे जाणार ते मला तिथल्या तिथे दिसलं. बावीस वर्षांचं माझं नाव, दोन चमच्यांत गेलं. आणि वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं. पण शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत.

जयंत हसला नाही. त्यानं पुढ्यातली वाटी हळूच बाजूला सारली आणि यांच्याशी क्रिकेटवर बोलायला लागला. नंतर सगळ्यांनी वांगी-भाकरी खाल्ली आणि गाढव संपवलं. वांग्याबरोबरही छान लागतंय, असं मोराग म्हणाली. तिला काय, तिला सगळंच छान लागत होतं.

निघताना ती दारात थांबली. यांचा हात हातात घेऊन म्हणाली, "या धंद्यात सगळे आपल्या नाकाबद्दल फुशारक्या मारतात. बायकोसाठी आपल्या नाकाकडे कमीपणा घेणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. गुरुवारी दुकानात या. काम तुमचं." हे नुसते हसले. मी मनात म्हटलं, सुटलो आपण. वरदाला घेऊन जयंतची गाडी स्टेशनकडे गेली, मोरागची टॅक्सी गेली, आणि मी बाह्या सरसावून सिंकशी उभी राहिले.

हे स्वयंपाकघरात आले आणि स्टुलावर बसले.

"कधीपासून?" मी विचारलं. वळले नाही.

"मागच्याच्या मागच्या जानेवारीपासून. तो ताप आला होता तेव्हा."

"आणि परत येईल म्हणून वाट बघत बसलात."

"पहिले सहा महिने बघितली. जिभेला मीठ कळतं, गोड, आंबट, तिखट कळतं. बाकी काही नाही. सगळं जेवण म्हणजे मीठ लावलेला ओला पुठ्ठा." यांनी ओट्यावरची रिकामी बाटली हातात घेतली. "वाइनचं बरं होतं. कुठल्या द्राक्षाला काय म्हणायचं ते पाठ होतं. कुणी अडवत नव्हतं."

"जयंतला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? रिटायर झालो, आता नाकही गेलं?"

खिशातून यांनी फोन काढला आणि चष्मा कपाळावर सरकवून टाइप करायला लागले. मी हात पुसून जवळ गेले. मोरागला मेसेज होता. मला वास येत नाही, दोन वर्षं झाली, हे काम मी करू शकत नाही, माफ करा.

"पाठवू नका," मी म्हणाले. "अहो, मग मी सगळ्यांसमोर माझं हसं करून घेतलं ते कशासाठी? कार्डं घरी बसून लिहा. पाठ आहे ना सगळं?"

"ती बाई माझ्या शब्दावर लोकांना बाटल्या विकणार." यांनी मेसेज पाठवला. तो गेल्याचा आवाज झाला आणि यांनी फोन ओट्यावर पालथा ठेवला. "तू केलंस ते केलंस, अनुराधा. मी विसरणार नाही. पण गुरुवारी मी जाणार नाही."

मला इतका राग आला की हातातलं फडकं मी सिंकमध्ये आपटलं. मग विचारलं, "रोज 'छान झालंय' कशाला म्हणत होतात मग? गप्प जेवायचं."

"गप्प राहिलो असतो तर तू विचारलं असतंस, काय कमी पडलं. मी काय सांगणार होतो?"

मी सिंकमधलं फडकं उचलून पिळायला लागले. कारण त्या 'छान झालंय'चं मी काय केलं होतं, ते मलाच माहीत होतं. रोज तेच दोन शब्द, ताटाकडे न बघता. मला वाटलं, या माणसाला आता माझ्या जेवणाचं काही उरलं नाही, सगळं लक्ष त्या ग्लासात. मग वर्षभरापूर्वी मीही हात आखडला. मंगळवारची आमटी शुक्रवारी वाढली. गोडा मसाला संपला तर तसंच केलं. एकदा भाजीला वास यायला लागला होता. मी स्वतःपुरता टोस्ट करून घेतला आणि ती भाजी यांच्या पानात वाढली, बघू तरी काय म्हणतात म्हणून. छान झालंय म्हणाले. आणखी घेतली. मी तेव्हा ओट्याशी उभी राहून मनातल्या मनात यांना हसले होते.

हे स्टुलावरून माझ्याकडे बघत होते.

"एक विचारू?" हे म्हणाले. "मी म्हणत होतो ते अंदाजानंच. पण खरं होतं ना गं? छान असायचं ना?"

"हो," मी म्हटलं. "छानच असायचं."